सोळा चौकोन

माझ्या नाकावर राग असतो असं आई म्हणते. असेलही. पण काशीमीऱ्याला टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, खिडकीखाली दिवसभर ट्रेलर रिव्हर्स घेताना वाजणारी ती एकच एक शिट्टी, आणि त्या आवाजात मला पडद्यावरचे बारीक चौकोन मोजायचे असतात. अशा माणसाने राग दुसरीकडे ठेवायचा तरी कुठे?

मी क्षितिजा. जमिनीची धूप दाखवणारे नकाशे करते. म्हणजे पावसाने कुठल्या शेतातली किती माती वाहून जाते, ते उपग्रहाच्या चित्रांवरून काढायचं. हे सांगितलं की बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, "अय्या, म्हणजे शेतात जावं लागतं?" मी सांगते, "नाही हो, एसीत बसावं लागतं." एसी दिवाळीपासून बंद आहे, तो भाग वेगळा.

गेल्या वर्षी आमच्या चार माणसांच्या कंपनीला एका योजनेचं काम मिळालं. डोंगरउतारावरच्या शेतांचे चार रंग करायचे होते. हिरवा म्हणजे धूप नगण्य, मग पिवळा, नारिंगी, आणि शेवटी लाल, म्हणजे तीव्र. लाल शेतांना योजनेतून पक्का दगडी बांध बांधून मिळणार होता. बाकीच्यांना काही नाही. रंग मी लावले. फेब्रुवारीत यादी जाहीर झाली आणि मार्चमधल्या एका सोमवारी नाथाकाका आमच्या ऑफिसचा जिना चढून आले.

साठी उलटलेला, काटक माणूस. अंगावर वॉचमनचा निळा शर्ट, कारण नाक्यावरच्या एका गोदामात ते दिवसपाळी करायचे. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या नकाशाची झेरॉक्स होती, तीही काळी-पांढरी. त्यावर त्यांनी स्वतःच्या शेताभोवती बॉलपेनाने गोल काढला होता.

"ह्यो नकाशा कोनी काडला?" त्यांनी दारातच विचारलं.

"मी. का?"

"माजं शेत बगितलंय तुमी?"

"उपग्रहाने बघितलंय, काका. तीन वर्षं बघतोय."

"त्यो खाली उतरून बगतो का वरूनच?"

माझं डोकं तिथेच फिरलं. दोन दिवसांत शेजारच्या तालुक्याचा नकाशा द्यायचा होता आणि हा माणूस माझी उलटतपासणी घेत होता. तरी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्यांचं शेत पडद्यावर काढून दाखवलं. घोडबंदर रस्त्यावरून आत डोंगराकडे वळलं की कोंडपाडा लागतो, तिथे ते शेत. सोळा गुंठे. माझ्या चित्रात एक चौकोन म्हणजे साधारण एक गुंठा, तेव्हा नाथाकाका कोंडपाडेकर म्हणजे बरोबर सोळा चौकोन. सोळाही हिरवे.

"दरसाल अर्दं शेत व्हालात जातं आमचं," ते म्हणाले. "आनि तुमी हिरवा लावलाय. आमच्या वरच्या अंगाला हरिश्चंद्राचं शेत हाय. त्यो भायंदरला फ्लॅटात ऱ्हातो, सा वर्सं नांगर न्हाय घातला. त्याला लाल! त्याला बांद!"

मी त्यांना सूत्र समजावलं. पाऊस किती, उतार किती, मातीचा प्रकार, वर पिकाचं किंवा गवताचं झाकण आणि पाचवी गोष्ट म्हणजे बांधबंदिस्ती. पाच आकड्यांचा गुणाकार. हरिश्चंद्रांचे बांध फुटलेत, म्हणून त्यांचा पाचवा आकडा मोठा. तुमचे बांध तीनही वर्षं शाबूत दिसतात, म्हणून तुमचा आकडा लहान, म्हणून रंग हिरवा. इतकं स्वच्छ मी कॉलेजातल्या पोरांनाही सांगितलं नव्हतं.

काका ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे आमी बांद नीट ठेवला, ही चूक झाली."

"तसं नाही हो काका. चित्र खोटं बोलत नाही. तुम्ही अर्ज करा."

अर्ज त्यांनी दुसऱ्या दिवशी आणला. तिसऱ्या दिवशी अर्जाचं काय झालं ते विचारायला आले. चौथ्या दिवशी माझे बॉस जितेंद्र सर केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, "क्षितिजा, उसको एक बार साइट पे जाके निपटा दे यार. रोज रोज नको."

तर मी निपटवायला गेले. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून गेले, यावरून माझी तयारी काय होती ते कळेल.

शेत म्हणजे उतारावर एकाखाली एक अशी तीन खाचरं. प्रत्येकाला मातीचा बांध, गुडघाभर उंच. सगळ्यात खाली व्हाळ, म्हणजे पावसाळी ओढा, आणि व्हाळाच्या वळणाला तांबूस मातीचा ढीग साचलेला. त्या ढिगाशी एक बाई वाकून फावड्याने पाटी भरत होती. साडी खोचलेली, आणि साडीवरून कमरेला डॉक्टरी पट्टा बांधलेला, तो रुंद, चिकटपट्टीचा. पाटी डोक्यावर घेऊन ती उतार चढायला लागली. खालचं खाचर ओलांडलं, मधलं ओलांडलं, सगळ्यात वरच्या खाचरात पोचली, तिथे बांधाला पडलेल्या खांडीत पाटी रिकामी केली आणि पायाने माती चोपली. मग परत खाली.

"आमची मानसं," नाथाकाका बायकोकडे बघत म्हणाले. "सुलू."

"त्या काय करतायत?"

"माती चडवतेय."

त्यांनी मग सांगितलं, तेही मला हे माहीतच असेल अशा सुरात. पावसात डोंगरावरचं पाणी सुटतं, बांधाला खांडी पडतात आणि खाचरातली माती व्हाळाच्या वळणाला येऊन बसते. होळी झाली की ती माती पाटी पाटीने परत वर न्यायची. पूर्वी अख्खा पाडा मिळून चढवायचा, आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. शेवटच्या पाटीवर नारळ फोडायचा आणि तो सगळ्यांत वाटायचा. आता बाकीच्यांनी सोडलं. हे दोघंच उरले. काका पाळीवरून येऊन संध्याकाळी दहा-वीस पाट्या टाकतात, काकी सकाळपासून. रोजच्या साठेक पाट्या, दोन महिने. मेअखेरीला शेत होतं तसं होतं.

आणि माझी चित्रं मेअखेरीची होती.

तिन्ही वर्षांची. पावसाळ्याआधी आकाश स्वच्छ असतं म्हणून सगळे तीच चित्रं घेतात, मीही घेतली. चित्रात मी बघत होते तो बांध सुलूकाकींनी त्याच्या आठवडाभर आधी उभा केलेला होता. आमच्या घरी आई दिवसातून दोनदा केर काढते, आणि मी कित्येक वर्षं समजत होते की आमच्या घरात कचरा होतच नाही. तसलाच प्रकार हा. फरक इतकाच, की यावर मी सही-शिक्क्यानिशी रंग लावला होता.

सुलूकाकी पाटी ठेवून माझ्याकडे आल्या. अंगाने बारीक, पण आवाज खणखणीत. पावसाळ्यानंतर केबिन रोडला शिराळी आणि काकड्या विकायला घेऊन बसायच्या, त्यामुळे बोलायला अडायच्या नाहीत.

"डॉक्टर बोलला, ओजं उचललं तर झोपून ऱ्हाशील," त्या म्हणाल्या. "एक पक्का बांद झाला ना ताई, मंग माती जागेवर ऱ्हाईल. मी न्हाय काय मागत दुसरं. ह्या जमिनीचा भात आठ म्हयने पुरतो आमाला."

मी म्हटलं, "मी करते काहीतरी." आणि अगदी मनापासून म्हटलं. बूट लाल झाले होते, त्याचंही काही वाटलं नाही.

ऑफिसात येऊन जितेंद्र सरांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, हेही सांगून ठेवते, नाहीतर सगळं त्यांच्यावर ढकलायला मला आवडलं असतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खणातून एक कागद काढला. स्थळ-पडताळणीचं पत्रक. नकाशा एक सांगतो आणि जमिनीवर दुसरंच दिसतं, असं असेल तर पाहणी करणाऱ्याने त्यात कारण लिहायचं, सही करायची, की त्या शेताचा रंग बदलतो. इतकं सोपं.

"पण ऐक," ते म्हणाले. "दोनशे ठिकाणं आपण तपासली. वीस चुकली. नव्वद टक्के अचूकता लागते, आपण बरोबर नव्वदवर उभे आहोत. हे एकविसावं. मग अख्खा तालुका परत येणार, परत करा, आणि वर जाऊन कारण तू सांगायचं. सही तुझी आहे. मी ना हो म्हणतोय, ना नको म्हणतोय."

मेमध्ये माझी नोकरी कायम होणार होती. तालुक्याचा नकाशा परत आला असता तर ती झाली नसती, हे ते बोलले नाहीत आणि मला बोलून दाखवायची गरजही नव्हती. मी पत्रक घरी नेलं. दोन दिवस पिशवीत ठेवलं. प्रत्येक वेळी पिशवीतून डबा काढताना ते हाताला लागायचं आणि मी चिडायचे. योजनेवर चिडायचे, सूत्रावर चिडायचे, नव्वद या आकड्यावर चिडायचे. एकदा तर रिक्षावाल्यावर चिडले, "भैया, सिधा चलाओ ना!" तो बिचारा सिग्नलला उभा होता.

तिसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली. आणि मला ती इतकी आवडली की मी पत्रक ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

नकाशा दरवर्षी नव्याने होणार होता. पुढची फेरी नोव्हेंबरच्या चित्रांवर होती. मग या वर्षी माती चढवलीच नाही तर? खांडी तशाच राहू द्यायच्या, एक पावसाळा माती वाहू द्यायची. नोव्हेंबरात उपग्रहाला फुटलेले बांध दिसतील, पाचवा आकडा वाढेल, शेत लाल होईल, दगडी बांध मिळेल. कुणाची चूक निघायला नको, कुठे सही करायला नको. सगळं नियमात बसत होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला एका रविवारी मी परत कोंडपाड्याला गेले आणि दोघांना बांधावर बसवून हे समजावलं. नाथाकाकांचा चेहरा उजळला. सुलूकाकींचा नाही.

"आनि माती सगलीच गेली तं?"

"सगळी कशी जाईल काकी? एका पावसाळ्याचा प्रश्न आहे. दोन बोटं, फार तर तीन. मी हिशोब केलाय."

"खांड उगडी ठेवून?"

"हो."

"पानी काय तुमचा हिशोब बगून येतं?"

"सुलू, गप," काका म्हणाले. "ताई शिकलेली हाय. ती आपल्याच भल्याचं बोलतेय. तुजी कंबर बग जरा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "न्हाय चडवत, ताई. तुमी बोलला ना, झालं."

माझा हिशोब होता, हे खोटं नव्हतं. पण आमचं सूत्र सगळ्या शेतावरून सारखी निघून जाणारी माती मोजतं. फुटक्या बांधातून एकाच जागी पाणी घुसून घळ पडली तर ती त्यात धरलेलीच नसते. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मला परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि मी तो बरोबर सोडवला होता. बांधावर बसून बोलताना मात्र मला त्याची आठवणही झाली नाही, किंवा मी ती होऊ दिली नाही.

मेमध्ये मी कायम झाले. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले.

पावसाळ्यात उपग्रहाला फक्त ढग दिसतात. जून गेला, जुलै आला, दर पाच दिवसांनी नवं चित्र यायचं आणि मी उघडून बघायचे तर नुसतं पांढरं. दुसरीकडे कामं साचलेली, खाली टायरवाल्याच्या दुकानात गुडघाभर पाणी, नेट दिवसातून चार वेळा बंद. जुलैच्या मध्याला तीन दिवस पाऊस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी नाथाकाकांचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज इतका मोठा होता की ते ओरडूनच बोलत होते.

"ताई! मस्त चाललीय माती! लालबुंद पानी हाय नुसतं! वरच्याची खांड दोन पुरुस रुंद झालीय! दिसनार ना आता तुमच्या त्याला?"

"दिसेल, काका, दिसेल," मी म्हणाले. ते इतके खूश होते, की मीही फोनवर हसले.

फोन ठेवल्यावर तिथे जाऊन यायला हवं होतं. घोडबंदर रस्ता बंद होता, ट्रक अडकले होते, हे सगळं खरं आहे. पण नंतर रस्ता सुरू झाला, तेव्हाही मी गेले नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वच्छ चित्र आलं. मी सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले, चहा मागवला आणि कोंडपाड्याचा भाग आधी चालवला. बाकीचा तालुका नंतर. पाच आकड्यांचा गुणाकार व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. मी लाल बघायला बसले होते.

सोळा चौकोन हिरवे आले.

पुन्हा चालवलं. हिरवे. धूप नगण्य.

मला आधी काय वाटलं ते सांगते, कारण ते लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, यांनी मला फसवलं. माती चढवली! इतकं समजावून, इतका जीव तोडून सांगून दोघांनी गुपचूप बांध घातले आणि माझं सगळं मुसळ केरात गेलं. मी चित्र नीट मोठं करूनसुद्धा पाहिलं नाही. प्रिंट काढली, चहा तसाच ठेवला, खाली उतरून रिक्षा केली आणि वाटभर मनातल्या मनात भांडत गेले.

गोदामात त्यांची सुट्टी असावी, कारण नाथाकाका अंगणातच होते. मी चपलाही काढल्या नाहीत.

"काका, मी सांगितलं होतं ना, चढवू नका म्हणून? आता परत हिरवा आलाय! आता मी काय करू?"

काका शेताकडे चालायला लागले आणि मी त्यांच्या मागे.

वरचं खाचर नव्हतं. म्हणजे जागा होती. कातळ होता, धुतलेला, स्वच्छ, उन्हात चकचकणारा. मधे माणूस उभा राहील इतकी घळ, आणि ती तशीच खाली मधल्या खाचरातून आरपार गेलेली. मधल्यातही खडक आणि मुरूमच उरला होता. कडेला दोन-चार ठिकाणी गवताची ठोंबं होती, मुळं उघडी पडलेली. व्हाळाच्या वळणाला दरवर्षी ढीग साचायचा तिथे या वेळी काहीच नव्हतं. पाणी इतक्या जोरात आलं होतं की मातीला बसायला उसंतच मिळाली नव्हती. ती खाडीला गेली होती.

मी हातातला कागद पाहिला. मग मला कळलं. माझ्या सूत्रात खडकाला धूप शून्य धरतात. बरोबरच आहे, जिथे मातीच नाही तिथून काय वाहून जाणार? वरचे सहा चौकोन आणि मधले पाच, अकरा चौकोन खडक म्हणून हिरवे होते. नकाशा या वेळीही चुकला नव्हता.

"आणि हे?" मी विचारलं. कारण खालचं खाचर शाबूत होतं. पाच गुंठे. बांध उभा, घळ त्याच्या बांधाला येऊन बाजूने व्हाळाकडे वळलेली, आणि आत कापलेल्या भाताची खोडं ओळीने उभी.

"विचारा तिला," काका म्हणाले.

सुलूकाकी घरातून बाहेर येऊन मागे उभ्या होत्या. कमरेला पट्टा होताच. "मे म्हयन्यात ह्ये पालीवर जायचे तवा चडवली," त्या म्हणाल्या. "तीनला जमत नव्हती. एकाला तरी चडवावी बोलली. वाकलेली बघाया कोन हाय इतं?"

आणि मग नाथाकाकांचा संताप झाला. माझ्यावर नाही. तिच्यावर.

"बग! बगितलंस? तुज्यामुलं हिरवा आला! ताई सांगून गेली, चडवू नको. येवडं तुला ऐकता न्हाय आलं! समदं ग्येलं असतं तं लाल आला असता, बांद आला असता! तू पाच गुंठं वाचवाया ग्येलीस आनि सगलं घालवलंस!"

ओरडताना त्यांचा आवाज फुटत होता. सुलूकाकींनी माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलते का ते बघायला.

"काका, थांबा," मी म्हणाले. "त्यांच्यामुळे नाही. सगळं गेलं असतं तरी हिरवाच आला असता. खडकाला हिरवाच येतो."

"म्हंजे?"

"म्हणजे चूक माझी होती. माती दोन बोटं जाईल म्हणाले, ते चुकीचं होतं. त्यांनी ऐकलं नाही म्हणून हे पाच गुंठे तरी राहिले."

काका बांधावर बसले. "माती चडवायचो तवा बी हिरवाच व्हता," एवढंच ते म्हणाले, आणि ते मला नव्हे, त्या कातळाकडे बघून म्हणाले.

आता काय करायचं, हा माझ्यापुढे प्रश्न नव्हता, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. पिशवीच्या आतल्या कप्प्यात नव्या फेरीची कोरी पत्रकं होती. मी एक काढलं, मांडीवर वही ठेवली आणि लिहायला लागले. शेताचा क्रमांक. खालचं खाचर, पाच गुंठे. नकाशाचा रंग हिरवा. पाहणीत आढळलेला रंग लाल. मतभेदाचं कारण: 'या खाचराची माती दरवर्षी वाहून जाते. नकाशात ते दिसत नाही, कारण शेतमालक आणि त्यांची पत्नी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती पाटीने परत वर चढवतात. बांध हाताने उभा केलेला आहे. तो शाबूत दिसतो म्हणून धूप होत नाही असे समजू नये.' खाली तारीख, सही, नाव.

चार ओळी. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"ह्यानं बांद येल?" सुलूकाकींनी विचारलं. त्या शेजारी उकिडव्या बसून माझं लिहिणं बघत होत्या.

"या खाचराला येईल. वरच्या दोनांना नाही. तिथे माती नाही, म्हणून ते योजनेत बसत नाहीत."

"बरं."

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला, सहीवरून बोट फिरवलं. मग परत दिला.

"ताई, एक विचारू?"

"विचारा ना."

"ह्ये मागल्या मार्चमदी लिवता आलं असतं?"

त्या भांडत नव्हत्या. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. खाली घोडबंदर रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांचा आवाज इथपर्यंत येत होता. वीस चुका, नव्वद टक्के, कायम नोकरी, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं.

"हो," मी म्हणाले.

सुलूकाकींनी मान हलवली. मग गुडघ्यावर हात ठेवून त्या हळूहळू उठल्या, घराच्या भिंतीला टेकवलेली पाटी घेतली आणि खालच्या खाचराच्या बांधाला कुठे खांड पडली आहे का ते बघायला गेल्या.